बालवर्गातला मुक्त शोध-खेळ : काय असतो, कसा मांडायचा आणि आईवडिलांच्या शंका

दुपारी साडेबाराला आमचा बालवर्ग सुटतो. फाटकापाशी अम्म्यांची गर्दी असते. मुलाचा हात धरायच्या आधी दप्तर उघडायचं आणि वही बघायची, ही इथली रीत. वही कोरी निघाली की मान माझ्याकडे वळते. "आपा, आज क्या पढाए? कपडे तो पूरे गीले करके आया." सहा वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. पहिली दोन वर्षं मला त्याचं धड उत्तरही देता येत नव्हतं, कारण मी मूळची माध्यमिकची. बी.एड. केलं ते विज्ञान आणि उर्दू घेऊन. बालवर्ग अंगावर आला तो शिक्षिका मिळत नव्हती म्हणून.

हा लेख त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. अंगणवाडी, बालवाडी, नर्सरी, केजी, नाव काहीही असो. तीन ते सहा वयाच्या मुलांच्या वर्गात वाळू, पाणी, माती, झाकणं, चिंचोके घेऊन जे काही चालतं ते शिक्षण आहे की वेळ काढणं, हे पालकांनी स्वतः तपासून बघावं, एवढी माहिती इथे देते.

मुक्त म्हणजे मोकाट नव्हे

बी.एड.ला आपण 'मुक्तोत्तरी प्रश्न' शिकतो. ज्याचं उत्तर एकच नसतं असा प्रश्न. मुक्त शोध-खेळ म्हणजे तीच गोष्ट हाताने करायची. साहित्य मोठ्यांनी निवडायचं, जागा मोठ्यांनी ठरवायची, वेळही मोठ्यांनी ठरवायची. पण त्या साहित्याचं शेवटी काय व्हावं हे मुलानं ठरवायचं.

चिंचोक्यांचंच उदाहरण घ्या. "यातले दहा मोजून दे" म्हटलं तर ती बंद कृती झाली. दहा आले तर बरोबर, नऊ आले तर चूक. तेच चिंचोके दोन वाट्या, एक चमचा आणि जमिनीवर खडूने काढलेलं एक वर्तुळ यांच्या शेजारी ठेवून दिले आणि काहीच सांगितलं नाही, तर एक मूल ते वर्तुळाच्या रेघेवर ओळीने मांडतं, दुसरं चमच्याने एका वाटीतून दुसरीत ओततं, तिसरं 'दुकान' काढतं आणि तुम्हालाच विकतं. मोजणं तिन्ही ठिकाणी होतं. दुकानवालीचं तर सगळ्यात पक्कं होतं, कारण तिथे गिऱ्हाईक भांडतं.

दोन्ही कृती लागतात, बंद कृती वाईट नव्हेत. अडचण एवढीच की आपल्याकडे दिवसभर बंद कृतीच चालतात. ठिपके जोडा, रेघेच्या आत रंग भरा, झाड हिरवं आणि सूर्य पिवळा. आणि मुक्त खेळ म्हणून जे चालतं ते पुष्कळदा मुलांना अंगणात सोडून बाईंनी रजिस्टर भरणं असतं. तो मुक्त शोध-खेळ नव्हे, ती मधली सुट्टी.

ही कल्पना आली कुठून

"ये सब नये फॅशन के चोचले हैं," असं एका पालकाने मला तोंडावर सांगितलं होतं. फॅशन असेल तर बरीच जुनी आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी खेळावर आधारलेली शाळा काढली आणि पुढे तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. आपण ज्याला केजी म्हणतो त्यातला 'के' तो हाच. लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हे त्याचं साहित्य. मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिच्या पद्धतीत प्रत्येक साधन वापरायची ठराविक रीत असते, म्हणून तिला पूर्ण मुक्त म्हणता येत नाही. पण कुठलं साधन घ्यायचं आणि किती वेळ, हे मूल ठरवतं. १९३९ ला ती भारतात आली आणि युद्धामुळे काही वर्षं इथेच राहिली, शिक्षक तयार करत.

सुट्या वस्तूंचा विचार नीट मांडला तो सायमन निकल्सनने, १९७१ च्या एका लेखात. त्याचं म्हणणं साधं होतं. एखाद्या जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथे काही नवं सुचण्याची शक्यता जास्त. प्लॅस्टिकची बॅटरीवाली गाडी फक्त गाडीच असते. रिकामा खोका मात्र गाडी असतो, घर असतो, पलंग असतो आणि रुसल्यावर लपायची जागाही असतो.

पण महाराष्ट्रातल्या वाचकांनी बाहेर बघायची गरजच नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, दादरला शिशुविहार चालवलं आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघरमधल्या, बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हाच तिथे आल्या. शहरातलं महागडं साहित्य खेड्यात परवडणारं नव्हतं. मग शंख, शिंपले, खडे, बिया, पानं, मातीची भांडी हेच साहित्य झालं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द असा आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा भरली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज आपल्या मोहल्ल्यातली जी अंगणवाडी आपण 'खिचडीवाली शाळा' म्हणून हिणवतो, तिच्या मागे हे सगळं आहे.

सरकारी धोरणही आता याच बाजूचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक सलग 'पायाभूत स्तर' मानला. २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक नेमूच नये असं म्हटलं आहे. तेव्हा तुमच्या चार वर्षांच्या मुलासाठी पुस्तकांचा अख्खा संच विकत घ्यायला लावला जात असेल, तर कुठल्या नियमाखाली, हे विचारायला हरकत नाही.

दाखवून दिलं की शोध थांबतो

अमेरिकेतल्या एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०११ मध्ये 'कॉग्निशन' या संशोधनपत्रिकेत आला. नळ्या जोडून एक अनोळखी खेळणं बनवलं होतं. त्यात चार गुपितं होती. एक नळी ओढली की चीं आवाज यायचा, एका ठिकाणी दिवा लागायचा, एका ठिकाणी सूर वाजायचे, आणि एका नळीत आरसा होता. काही मुलांना शिकवण्याच्या सुरात सांगितलं, "बघा, हे खेळणं असं चालतं," आणि फक्त चीं आवाज दाखवला. दुसऱ्या काही मुलांसमोर तोच आवाज चुकून झाल्यासारखा केला, काहींना काहीच दाखवलं नाही. ज्यांना 'शिकवलं' ती मुलं त्या खेळण्याशी कमी वेळ खेळली आणि बाकीची गुपितं त्यांना कमी सापडली.

मुलं मूर्ख होती म्हणून नव्हे. उलट त्यांनी शहाणा हिशेब केला, की बाईंना माहीत आहे, अजून काही असतं तर त्यांनी दाखवलंच असतं. त्या शोधनिबंधाच्या नावातच शिकवण्याला दुधारी तलवार म्हटलं आहे. शिकवल्याने ते एक पटकन येतं, आणि बाकीचं दार लोटलं जातं.

हे वाचलं तेव्हा मला माझ्याच वर्गातली एक बाटली आठवली.

पाण्याचा टब

आमच्याकडे निळा टब आहे, घरात कपडे भिजवायला असतो तसा. त्यात चारेक इंच पाणी. बरोबर स्टीलच्या दोन वाट्या, गाळणी, नरसाळं, वेगवेगळ्या उंचीच्या पारदर्शक बाटल्या. एका बाटलीला तळाजवळ दाभणाने बारीक भोक पाडलेलं. पहिल्या वर्षी एक पाच वर्षांची मुलगी ती बाटली घेऊन बसली होती. भोकातून धार येत होती, ती बोटाने बंद करत होती, पुन्हा सोडत होती. चाळा म्हणून तिने झाकण फिरवलं आणि धार थांबली. झाकण काढलं, धार सुरू. तिने टाळी वाजवली, "आपा! ढक्कन लगाए तो पानी बंद!"

आणि माझ्यातली विज्ञानाची शिक्षिका जागी झाली. मी तिथेच बसून हवा कशी आत शिरते, बाहेरची हवा पाण्याला कशी ढकलते, सगळं सांगून टाकलं. बोटाने दाखवलंसुद्धा. मुलगी ऐकत होती, मान हलवत होती. माझं बोलून झाल्यावर तिने बाटली टबात ठेवली, फ्रॉकला हात पुसले आणि ठोकळ्यांकडे निघून गेली. पुढे आठवडाभर तिने त्या बाटलीला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी तीच बाटली, दुसरी मुलं. या वेळी मी गप्प बसले. एका मुलाला झाकणाची गंमत कळली, त्याने शेजारच्याला दाखवली. मग दोघांनी झाकण अर्धं फिरवलं, धार बारीक झाली. मग बाटली दाबली, झाकण बंद असूनही पाणी आलं. मग दुसरं भोक पाडून मागितलं, यापेक्षा वर. वरच्या भोकाची धार जवळ पडते आणि खालच्याची लांब, हे त्यांनी पाहिलं आणि जिथे धार पडते तिथे खडे ठेवून खूण केली. हाच हवेचा आणि पाण्याचा दाब मी आठवी-नववीला फळ्यावर शिकवायची, तेव्हा निम्मा वर्ग पेंगायचा.

बुडतं-तरंगतं हा खेळही असाच लांबतो. खिळा बुडतो. मग स्टीलची वाटी? सगळे एका सुरात "डूबेगी" म्हणतात, आणि वाटी तरंगते. वाटीत खडे टाकत गेलं की कधीतरी बुडते. कितव्या खड्याला, यावर पैजा लागतात. मातीचा गोळा बुडतो, त्याच मातीची खोलगट होडी केली तर तरंगते. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. का, ते मी सांगत नाही. एका मुलाने सांगितलं, "उसका स्वेटर निकाल दिए, इसलिए." सालीत हवा असते हे त्याला पुढे कधीतरी कळेल, अंगावर घातलेल्या कशाने तरी ते तरंगत होतं, इथपर्यंत तो आपला आपण पोचला आहे.

उंच अरुंद बाटलीतलं पाणी पसरट वाडग्यात ओतलं की या वयाची मुलं "कम हो गया" म्हणतात. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी नोंदवलं आहे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं उंचीवरूनच ठरवतात. सांगून हे पटत नाही. घरी भाऊ-बहिणीत सरबताच्या ग्लासावरून भांडण होतं तेव्हा आठवून बघा. दोन्हीकडे सारखंच आहे हे तुम्ही शंभरदा सांगा, धाकट्याला उंच ग्लासच हवा असतो. ओतून ओतूनच ते कळतं.

साहित्य कुठून आणायचं

आमचं गाव यंत्रमागाचं. सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन कारखान्यात पडलेले असतात. एका मुलाच्या अब्बांनी गोणीभर आणून दिले आणि आमचं सगळ्यात लाडकं साहित्य तेच झालं. कोनावर कोन चढवून मनोरा होतो, तोंडाला लावून भोंगा होतो, ओळीत मांडून 'कारखाना' होतो. एक मुलगा रोज दोन रांगा मांडून तोंडाने खटाक-खटाक करत मधून फिरायचा आणि कुणी बोलावलं तर म्हणायचा, "अभी नइ, सेकंड पाली है." कोनांना तेल-कचरा असतो, म्हणून आधी पुसून उन्हात ठेवायचे.

तुमच्या गावात कोन नसतील तर दुसरं काही असेल. शिंप्याकडची कातरणं, सुताराकडचे घासून गुळगुळीत केलेले लाकडाचे तुकडे, कोकणात करवंट्या आणि शिंपले, बांगडीवाल्याकडचे रिकामे पुठ्ठ्याचे नळे. झाकणं, रिकाम्या काड्यापेट्या, जुनी कुलपं-किल्ल्या, चाळणी, लाटणं. पैसे लागलेच तर लाकडी ठोकळ्यांवर खर्च करा, ते दहा वर्षं टिकतात.

दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. एक, एका प्रकारची वस्तू भरपूर हवी. वीस मुलांत पाच कोन ठेवले तर शोध होत नाही, मारामारी होते. दोन, एका वेळी फार प्रकार नकोत. दोन-तीन प्रकार, आणि तेच दोन-तीन आठवडे ठेवायचे. पहिल्या दिवशी मुलं नुसती उलथीपालथी करतात. कल्पना चौथ्या-पाचव्या दिवशी सुचतात. आपण मोठे तिसऱ्याच दिवशी कंटाळतो आणि साहित्य बदलतो.

तांदूळ, डाळ, रवा खेळायला द्यावा असं पुष्कळ व्हिडिओत दाखवतात. मी देत नाही. रिझ्क पायाखाली तुडवलेलं आपल्या घरात चालत नाही आणि मुलांनी तेच शिकावं. ओतायला, भरायला धुतलेली वाळू आहेच.

वेळ आणि मांडणी

तीस-पस्तीस मिनिटांची तासिका हा या खेळाचा शत्रू आहे. पहिली दहा मिनिटं गोंधळात जातात, मग कुठे मुलं स्थिरावतात, आणि तेवढ्यात घंटा. सलग पाऊण तास तरी हवा. आमच्या शाळेत यासाठी मला दोन सत्रं भांडावं लागलं. शेवटी बालवर्गाला घंटा लागू नाही, एवढं मान्य झालं.

अठ्ठावीस मुलं, मी आणि एक मदतनीस खाला. चार कोपरे करतो : पाणी किंवा वाळू, ठोकळे आणि कोन, माती, आणि घर-घर. कोपऱ्यात सातांपेक्षा जास्त मुलं नाहीत. जागा भरली हे मुलांना कळावं म्हणून भिंतीवर सात खिळे आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोरीचं कार्ड. खिळा रिकामा असेल तर कार्ड अडकवून आत जायचं. पाण्याच्या कोपऱ्याजवळ खाला कायम. आवराआवर मुलांनीच करायची, त्यासाठी शेवटची दहा मिनिटं. प्रत्येक टोपलीवर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवलेलं आहे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही झाकणं कुठे आणि करवंट्या कुठे हे कळतं. वर्गीकरणाचा धडा मला वेगळा घ्यावा लागलेला नाही.

त्या वेळात आपा काय करते

सगळ्यात अवघड काम : थांबते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातले संवाद तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते, मग स्वतःच बोलून टाकत किंवा दुसऱ्याला विचारत. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब आली, जास्त मुलं बोलली, "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वर्गात उभं राहून मोजून बघा, घाम फुटतो.

प्रश्नही बदलावे लागतात. "हा कुठला रंग?" "किती आहेत?" हे परीक्षेचे प्रश्न, उत्तर मला आधीच माहीत असतं आणि मुलालाही ते माहीत असतं. त्याऐवजी "आता काय होईल असं वाटतं?", "हे उभं राहावं म्हणून काय केलंस?", "दुसऱ्या कशाने होईल का?" आणि कधी कधी काहीच न विचारता शेजारी बसून आपणही ओतत राहायचं. "व्वा, किती छान" हे मी जवळजवळ सोडलं. दर मिनिटाला शाबासकी दिली की मूल कामाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं.

मग नोंद. रोज तीन-चार मुलांच्या, दोन-तीन ओळी. नमुना देते : "झाकणं आधी रंगाने लावली, मग स्वतःच मोडून लहान-मोठी अशी लावली. चौदापर्यंत बरोबर मोजली, पंधरा गाळलं. शेजारच्याने मागितल्यावर तीन दिली, आता आपल्याकडे किती उरली ते पुन्हा मोजलं." या तीन ओळींत गणित आहे, वागणूक आहे, आणि पुढच्या आठवड्यात पंधराकडे लक्ष द्यायचं हेही आहे. पालकांना दाखवायला माझ्याकडे हीच वही असते. फोटोही काढतो, पण ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत नाही. ज्याचं मूल त्यालाच दाखवतो.

भाषा कुठली

आपल्या मुलांपुढे हा प्रश्न मोठा आहे. घरात दखनी किंवा कोकणी बोली, शाळा उर्दू किंवा मराठी माध्यमाची, आणि अपेक्षा इंग्रजीची. मराठी अंगणवाडीत गेलेलं आपलं मूल पहिले काही महिने गप्प असतं, आणि गप्प मुलाला लोक 'मंद' समजतात. गाणी-गोष्टींच्या तासाला ते गप्पच राहणार, कारण तिथे शब्द आधी लागतात. वाळूच्या कोपऱ्यात शब्द नंतर लागतात. हातात गाळणी आहे, समोरच्याला ती हवी आहे; "दे", "थांब", "नको", "मेरी बारी" एवढ्यावर काम सुरू होतं.

आमच्याकडे उलटं आहे, उर्दू वर्गात मराठी आणायची असते. मी टबापाशी बसून दोन्ही बोलते. "डूब गया, बुडालं." "भारी है, जड आहे." "रेत गीली है, वाळू ओली आहे." मुलांकडून म्हणवून घेत नाही. जून-जुलैत काही येत नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर "आपा, बुडालं!" ऐकू यायला लागतं. वस्तू समोर बुडत असते, त्यामुळे शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढण्याचाही एक वेगळा उपयोग आमच्या मुलांना होतो. उर्दू उजवीकडून लिहायची, मराठी आणि अंक डावीकडून. हाताला दोन्ही दिशा सवयीच्या व्हायला पाटी-पेन्सिलपेक्षा वाळू बरी.

धोके

याबाबतीत मी कडक आहे. तीन वर्षांखालचं मूल वर्गात किंवा घरात असेल तर चिंचोके, मणी, गोट्या, शेंगदाणे, बटणं बाहेर काढायचीच नाहीत. लहानग्यांच्या खेळण्यांसाठी जी चाचणी वापरतात ती सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळीची असते. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. मोठ्या मुलांमध्येही नाकात-कानात बी घालणारं एखादं असतंच, आणि सुकं कडधान्य ओलाव्याने आत फुगतं. खेळणी-रिमोटमधले गोल बटणासारखे सेल आणि छोटे लोहचुंबक वर्गातच नकोत; गिळले तर आतडी जाळतात किंवा भोसकतात, तासाभराचाही उशीर परवडत नाही.

पाणी चार इंच असलं तरी लहान मूल त्यात बुडू शकतं. टबापासून मोठं माणूस हललं की टब बंद. खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाकायचं, डासांसाठीही. वाळूवर रात्री झाकण, नाहीतर मांजरं घाण करतात. खेळताना वाळू थोडी ओलसर, म्हणजे धूळ उडत नाही. दवाखान्यातल्या नळ्या, सिरिंज, औषधाच्या बाटल्या 'धुतलेल्या आहेत' म्हणून कुणी दिल्या तरी घेऊ नयेत.

लिहायला कधी शिकणार

आता पालकांचा खरा प्रश्न. शेजारच्या गल्लीतल्या नर्सरीत तीन वर्षांची मुलं शंभरपर्यंत लिहितात, आमची वाळू खेळतात. मी हे सुरू केलं त्या वर्षी चार मुलं नाव काढून तिकडे गेली. संस्थेच्या बैठकीत त्याचा जाब मला द्यावा लागला. त्यातली एक मुलगी पहिलीला परत आमच्याकडे आली. अक्षर मोत्यासारखं. कोरा कागद दिला तर मात्र "क्या बनाऊं?" विचारायची आणि सांगेपर्यंत बसून राहायची. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, तिचा स्वभावही तसा असेल. पण मी ते विसरलेले नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे लहान स्नायू पेन्सिलला तयार नसतात. माती मळणं, चिमटीने वेचणं, झाकण फिरवणं, पाणी पिळणं यानेच ते तयार होतात. म्हणजे मूल ज्या दिवशी कपडे भिजवून येतं त्या दिवशी त्याच्या मनगटाचं काम झालेलं असतं.

दुसरी बाजूही सांगते, कारण काही उत्साही मंडळी ती सांगत नाहीत. नुसत्या मुक्त खेळाने कुणी वाचायला शिकत नाही. अक्षर हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे, तो टबात सापडत नाही. उर्दूत तर बे, पे, ते, से यांचा साचा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, आणि शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी त्याच हर्फाचं रूप बदलतं. हे क्रमाने, रोज, समोर बसवून शिकवावंच लागतं. मोठ्या गटाला आम्ही ते शिकवतो. तिथेही चिंचोके येतात, नुक्ते म्हणून. पण 'पे'खाली तीनच ठेवायचे, चार ठेवले तर चूक. ती बंद कृती आहे आणि तिने बंदच असायला हवं. स्वर, ध्वनी, गोष्टी, गाणी यांनाही आपापला वेळ हवा. दिवसाच्या साडेतीन तासांत पाऊण तास मुक्त खेळ, एवढंच माझं मागणं आहे.

पालकसभेत भाषण देणं मी बंद केलं. आता सभेला अम्म्या आल्या की आधी वीस मिनिटं त्यांनाच चटईवर बसवून कोन, झाकणं, कातरणं देते आणि काही सांगत नाही. पहिल्यांदा हसतात, पदर-दुपट्टे सावरतात, "हमें क्या करना है?" विचारतात. मग कुणीतरी कातरणांची गोधडी मांडायला लागते, कुणी झाकणांची रांगोळी, दोघी मिळून मनोरा. वीस मिनिटं झाली म्हटलं तरी उठत नाहीत. नंतर मी एवढंच विचारते की आत्ता काय काय मोजलंत, काय ठरवलंत, कुठे चुकलं आणि कसं सुधारलंत. याद्या त्याच करतात.

घरी करायचं असेल

वेगळी खोली किंवा खर्च लागत नाही. बसायला लागलेल्या, पण अजून न रांगणाऱ्या बाळासाठी एलिनोर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षिकेने 'खजिन्याची टोपली' सुचवली होती. बुटकी, न उलटणारी टोपली आणि त्यात घरातल्याच मोठ्या वस्तू : लाकडी चमचा, स्टीलची वाटी, स्वच्छ ब्रश, कापडाचा चेंडू, जाड दोरीची गाठ, करवंटी. प्लॅस्टिक शक्यतो नको, कारण ते सगळं हाताला सारखंच लागतं. तीक्ष्ण काही नको, तोंडात पूर्ण मावेल असं काही नको. बाळ एकेक उचलतं, चाटतं, आपटतं, टाकतं. आपण शेजारी बसायचं, हातात काही द्यायचं नाही, मोबाईल तर नाहीच.

तीनच्या पुढच्या मुलाला स्वयंपाकाच्या वेळी कणकेचा छोटा गोळा द्या. तो नंतर पोळी करून त्यालाच खायला घाला, म्हणजे रिझ्कही वाया जात नाही. मोरीत बादलीभर पाण्याऐवजी तपेलीभर पाणी आणि दोन भांडी, तुम्ही तिथे भांडी घासत असताना. रविवारी धुतलेल्या कपड्यांतले मोजे जोडीने लावायला द्या. मूल मोज्यांचे हातमोजे करून बाहुलीनाट्य करायला लागलं तर जोड्या संध्याकाळी लावल्या तरी चालतील.